बोर्डातली पिन

आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांनी येतो, तोही तासभर. म्हणून गल्लीतल्या इतर शहाण्यांसारखी मीही नळाला पाणी ओढायची छोटी मोटर लावली होती. प्लंबर बोलावणं मला कमीपणाचं वाटे. पाना, टेप आणि दोन शिव्या एवढ्यावर माझं काम भागायचं. मोटरची तीन पिनांची वायर घरातल्या बोर्डात बसेना, तर अर्थिंगची वायर कापून मी ती दोन पिनांची करून टाकली. वर स्वतःची पाठही थोपटून घेतली.

तीन वर्षांपूर्वी नळाच्या दिवशी ऐन वेळी वीज गेली. मोटर बंद पडली. जोडातून पाणी गळत होतंच. म्हटलं, तेवढ्यात टेप गुंडाळून घेऊ. बायकोला मोटर घट्ट धरायला सांगितलं. ओल्या फरशीवर बसता बसता ती म्हणाली, "अहो, आधी पिन काढा ना बोर्डातली."

"लाइन गेली हाये ना! कायले भेऊन राह्यली तू?" मी खेकसलो. आमच्याकडे एकदा वीज गेली की तास-दोन तास येत नाही. मोटर बंद करायला लोडशेडिंग हेच आमचं बटण. मी त्याच भरवशावर होतो.

वीज पाच मिनिटांत आली. बायकोचा हात मोटरला चिकटला. तिच्या तोंडून आवाजसुद्धा निघेना. मी बोर्डाकडे धावलो, पिन उपटली, तशी ती मागे कोसळली. जीव वाचला. उजव्या हाताची दोन बोटं मात्र कायमची आखडली.

दवाखान्यात किन्हीराजाहून तिचा भाऊ आला. "कसं झालं हे, भाऊजी?"

"ओल्या हातानं मोटरले हात लावला न तिनं," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं, असं म्हणायचीही सोय नाही. मी ते विचार करून बोललो. खाटेवरून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भिंतीकडे तोंड केलं. "हो, माह्यीच चूक," म्हणाली.

तेव्हापासून ती डाव्या हाताने भाकरी थापते. भाकरी एका बाजूला जाड होते. मी मुकाट्याने खायचो. स्वतःची लाज वाटायची, पण तोंड उघडत नव्हतं.

आता मोटरला अर्थिंग आहे. कामाला हात लावण्याआधी बायकोच पिन काढते आणि काम संपेपर्यंत मुठीत धरून उभी राहते. परवा नळाच्या दिवशी तिचा भाऊ घरी होता. तिला तशी उभी पाहून तो हसला. "ताई, तू बाजूले हो वं. तुले काय समजते त्यातलं? मांगं तूच घोटाळा केलता."

बायको पिन माझ्या हातात देऊन आत निघाली.

"घोटाळा म्या केलता," मी म्हणालो. "थे म्हणत होती, पिन काढा. म्या नाही काढली."

बायको दारात थांबली.

"तीन वर्सं लागले तुमाले, एवढं बोलाले," ती म्हणाली, आणि परत येऊन माझ्या हातातली पिन तिनं आपल्या मुठीत घेतली.