मान टाकणारा पुठ्ठा

माफ करणाऱ्याचं मन मोठं असतं म्हणतात. असेल बाई. आमच्या वनमालाचं मन काही मोठं नव्हतं, आणि मला ती त्यासाठीच आवडायची.

घाटकोपरला असल्फ्याच्या चाळीत आमची दारं समोरासमोर. दिवसा ती साकीनाक्याला खोकी बनवायच्या कारखान्यात जायची. घरी आली की ब्लेडचं अर्धं पातं घेऊन कागद कापत बसायची. मोर, वेली, कमळं, आणि जाळी तर इतकी बारीक की आपला श्वास लागून फाटेल असं वाटायचं. नवरा धर्मा. स्वभावानं गरीब, पण मोठ्या भावापुढे शेपूट घालणारा.

तो मोठा भाऊ म्हणजे जयवंत, चाळीच्या गणपती मंडळाचा सजावटप्रमुख. मेल्यानं जन्मात कधी कात्री हातात धरली नाही. त्र्याऐंशी साली त्यानं वनमालाकडून अख्खं मखर कापून घेतलं आणि वर बोर्ड लावला, ‘कलाकार : जयवंत’. आयत्या बिळावर नागोबा! विभागाच्या स्पर्धेत पहिला नंबर आला. शाल घालून घेताना कुणीतरी विचारलं, "वनमालावहिनींनी मदत केली असेल ना?" तर हा हसून म्हणतो, "तिनं? तिनं डिंक लावला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वनमाला तिथंच उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. आमच्या कोकणातल्या घरांत सून मोठ्या दिरासमोर तोंड उघडत नाही. तिनंही उघडलं नाही. माझ्या घरात आली, दार लावलं आणि म्हणाली, "सरू, हे कुणी कापलं ते हाच माणूस सांगेल. स्वतःच्या तोंडानं, चारचौघांत. पुढच्या गणपतीत नाही सांगितलं तर मी पुन्हा पात्याला हात लावणार नाही."

त्यानंतर तिचा तो कागदांचा नाद सुरू झाला. कारखान्यातून उरलेले तुकडे आणायची, स्टेशनरीवाल्याकडून एकेक ताव आणायची. प्रत्येकावर तोच मोर कापायचा, आणि माझ्या भाताच्या टोपावर दोऱ्याला बांधून वाफेत लटकवायचा. भादव्यातली दमट हवा ती माझ्या स्टोव्हवर करत होती! माझा भात करपायचा.

पतंगाचा कागद वाफ लागताच लोळागोळा. ड्रॉइंग पेपरला पातं फिरवलं की कडेला कुसळं सुटायची. घोटीव कागद दिसायला झकास, पण रंग बोटाला लागायचा. लग्नपत्रिकेचं जाड कार्ड मात्र खरं गुणी निघालं. धार सफाईनं घ्यायचं आणि वाफेत ताठ राहायचं.

"मिळालं गं बाई," मी म्हटलं. "आता तरी माझा टोप सोड."

ती काही थांबेना. मग एक दिवस तिनं मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा टांगला. समोरून पांढराशुभ्र, चकचकीत, मागून राखाडी. कापायला लोण्यासारखा. थोडा वेळ ताठ उभा राहिला, मग मागची खरबरीत बाजू वाफ प्यायली आणि मोरानं हळूहळू पुढं मान टाकली.

"हा नको गो," मी म्हटलं.

"हाच," वनमाला म्हणाली. आणि हसली.

"अगं, देवाचं मखर ते! बाप्पाच्या अंगावर पडलं तर?"

"म्हणून तर इतके तुकडे वाया घालवले. हा नेहमी चकचकीत बाजूकडे वाकतो. चकचकीत बाजू लोकांकडे. म्हणजे पडेल तर पुढं पडेल, जयवंतच्या पायांशी. बाप्पाला धक्का लागणार नाही." आणखी एक गोष्ट तिनं कारखान्यात शिकलेली. पुठ्ठ्याला उभं-आडवं असतं, एका बाजूनं तो अडतो, दुसऱ्या बाजूनं सहज वाकतो. तिनं मुद्दाम वाकायची बाजू धरली.

चौऱ्याऐंशीला जयवंतचा हुकूम आलाच. "ह्या वर्षी दोन मोर आणि मोठी कमान पाहिजे." तिनं मान हलवली. कमान कापून दिली, आणि बोर्डही लागला. धर्माला यातलं काही ठाऊक नव्हतं.

चतुर्थीला कमान अशी ताठ उभी की लोक बघत राहिले. जयवंतची छाती फुगलेली. मी वनमालाकडे बघते, ती कमानीकडे बघतेय. दुसऱ्या दिवशी दुपारीही ताठच! मला वाटलं, वाट लागली, ह्या वर्षीही शाल ह्यालाच.

संध्याकाळी परीक्षक आले. दोघे पुरुष आणि एक चष्मेवाली बाई. मंडपात ही गर्दी, निरांजनं, धूप, पावसानं कपडे ओले, अंगाला अंग. जयवंत सांगत होता, "रात्र रात्र बसून कापलंय. एकेक पिसावर माझा घाम आहे."

तेवढ्यात डावा मोर झुकला. मग उजवा. मग मधली कमान कमरेतून वाकली आणि अख्खं मखर लोकांपुढं आडवं झालं. बाप्पा मागे जागच्या जागी, हार सुद्धा हलला नाही. पोरं खिदळायला लागली.

जयवंतचा चेहरा काळाठिक्कर. आणि मग तो ओरडला, "हे माझं नाही! हे वनमालानं कापलंय! सगळं तिनंच कापलंय, मी हातसुद्धा लावलेला नाही!"

चष्मेवाली बाई म्हणाली, "आत्ता तर तुमचा घाम होता."

वनमाला पुढं आली. डोक्यावरचा पदर तसाच, पण लग्नानंतर पहिल्यांदा दिरासमोर तिचं तोंड उघडलं. "भाऊजी, आणि मागच्या वर्षीचं?"

तो इकडंतिकडं बघायला लागला. त्याचीच बायको द्रौपदी, वर्षभर गप्प बसलेली, मागून म्हणाली, "तेपण तिचंच."

मंडळवाले वनमालाच्या पाया पडायचे बाकी. "वहिनी, दुसरं काही आहे का? आरती व्हायचीय."

"आहे," ती म्हणाली. लग्नपत्रिकेच्या कार्डावर तिनं दुसरी कमान कधीचीच करून माझ्या पलंगाखाली ठेवली होती. "भाऊजींना न्यायला पाठवा."

धर्मा कळवळला. "अगं, भाऊ आहे तो माझा."

"मग तू घरात बस," ती म्हणाली.

जयवंत माझ्या दाराशी आला. मागं अख्खी चाळ, वरच्या गॅलरीतही माणसं ओणवलेली. वनमाला उंबऱ्यावर बसलेली, पाय आडवा टाकून.

"कुणाचं मखर न्यायला आलात?"

तो खाली बघत पुटपुटला, "वनमालाचं."

"वरच्यांना ऐकू नाही आलं."

"वनमालाचं!" तो ओरडला, आणि त्याचा आवाज चिरकला.

मग तिनं पाय काढला.