मनोऱ्याखालचं बंद दार

सहलीला निघायच्या दिवशी तुमच्या घरातली बाई सकाळपासून पाण्याचा घोट का घेत नाही, हे तुम्ही तिला कधी विचारलंय? नाही ना? डबे भरले का ते विचारलंत. खिडकीची जागा कुणाला, ते भांडून ठरवलंत. तिची जीभ कोरडी पडलीय हे मात्र दिसलं नाही. दिसणार कसं, फोटोत ती हसत होती.

तर मग टाकीची गोष्ट ऐकाच.

टाकी हे तिचं खरं नाव नव्हे, बायकांनी चिडवून पाडलेलं. बसगाड्यांच्या बॉडी बांधतात त्या कारखान्यात ती सीटची कव्हरं शिवते. वर पत्रा, नाकात रेक्झिनचा वास, कोपऱ्यात तिचं काळं मशीन. सीझन संपला की सहलीच्या गाड्या तिच्यासमोर येऊन उभ्या राहतात. कुठे सिगरेटचं भोक, कुठे पोरांनी उपसून काढलेला फोम. सीटच्या खाचेतून मत्स्यालयाची तिकिटं निघतात, तुटकी कंगवी निघते. "अख्खं जग फिरून येतं," ती म्हणायची, "आणि माझ्या वाट्याला त्यांच्या बुडाखालचं शिवणकाम!"

एकदा तिने मालकाला गाठलं. म्हणाली, "तुमची गाडी नुसती उभी राहून गंजतेय. डिझेलचं आमचं आम्ही बघतो. वस्तीतल्या बायकांना शहर दाखवून आणते." मालक नाही म्हणू शकला नाही. तिच्यासारखा सरळ टाका घालणारं दुसरं कुणी त्याच्याकडे नव्हतं, आणि हे त्या दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

आता सहल कशी आखतात? कुठला महाल, कुठलं संग्रहालय, कुठली बाग, असं ठरवतात. टाकी उलटीकडून सुरुवात करते. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती पाण्याच्या मोठाल्या बाटल्या पिऊन रिकाम्या करते, टाकी हे नाव पडलं ते त्यावरूनच, आणि ठरवलेल्या रस्त्याने एकटी चालत सुटते. जिथे तिला लागेल, तिथे बायकांसाठी उघडं दार हवं. आत कडी लागली पाहिजे, दिवा हवा, पिशवी अडकवायला खिळा हवा. नसेल तर ते ठिकाण रद्द, मग ते कितीही जगप्रसिद्ध असो. राजाचा महाल तिने असाच उडवला. "एवढे दिवाणखाने, आणि बाईमाणसाला जायला कोपरा नाही. राजा गेला, आपणही नको जायला." मत्स्यालय मात्र दरवेळी असतं. मासे तसे बेताचेच आहेत, पण संडास लख्ख.

वस्तीतले बाप्ये खिदळायचे. एकाने तर तोंडावर विचारलं, "काय टाकीबाई, यंदा संडासदर्शन कुठे?"

"ठरलं की सांगते," टाकी म्हणाली. "तुमचं दर्शन काय, आम्हाला रोज कुठल्याही झाडामागे फुकट होतं."

हे सगळं तिच्या डोक्यात शिरलं ते ताईमुळे.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा ताईनेच टाकीची वेणी घातली, ताईनेच तिला मशीनवर बसवलं. पुढे ताईची स्वतःची बाळंतपणं झाली आणि शरीराचा ताबा सैल पडला. शिंकलं तरी थेंब, हसलं तरी थेंब. डॉक्टरला सांगायचं असतं हेच तिला कुणी सांगितलं नाही. एकदा वस्तीची सहल निघाली. म्होरक्याच्या गळ्यात शिट्टी, हातात झेंडी. निघतानाच त्याने बजावलं, "बायकांनो, पाणी कमी प्या, गाडी मध्ये थांबणार नाही." ताईने तोंडात थेंब घेतला नव्हता. तरी संग्रहालयाच्या रांगेत, उन्हात, तिला आवरेना. कपडे भिजले. मागून कुणीतरी फिस्कन हसलं.

त्यानंतर ताई कुठे गेली नाही. लग्न असो, बारसं असो, तिचं एकच, "तुम्ही या जाऊन, मी घर राखते." तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून शहरातल्या जुन्या मनोऱ्याचं टोक दिसतं. लांबलांबून लोक येतात तो बघायला. ताई भांडी घासताना बघायची.

एकदा ती सहज बोलून गेली, "वरून आपलं घर दिसत असेल का गं?"

"जाऊन बघू."

"मला नाही जमायचं."

"मी जमवते," टाकी म्हणाली. टाकीने एकदा धागा ओवला की शिवण पुरी केल्याशिवाय ती उठत नाही.

दुसऱ्याच सुट्टीला पोटभर पाणी पिऊन ती मनोऱ्याशी पोचली. पायथ्याला 'स्त्रियांसाठी' अशी पाटी होती. पाटीखाली दार होतं. दाराला कुलूप. पहारेकऱ्याने हात वर केले, "चावी साहेबांकडे." तिथले व्यवस्थापक साहेब काचेच्या टेबलामागे बसले होते. माणूस मवाळ, आवाज मऊ.

"बाई, तिथे सामान ठेवलंय."

"सामानाला लागते का हो लघवी?"

साहेब लाजले, पण हलले नाहीत. "तसं नाही. मागणीच नाही ना. मी इथे आल्यापासून एकाही बाईने चावी मागितलेली नाही."

वस्तीतल्या लोकांचे अर्ज मी लिहून देतो, म्हणून तिथून ती तडक माझ्याकडे आली. रागाने नुसती धुमसत होती. "मागणी नाही म्हणतो! कुलूप दिसतं म्हणून बाई पाणी सोडते, आणि बाई मागत नाही म्हणून हा कुलूप ठेवतो. हे असंच फिरत राहायचं का?"

मी म्हटलं, अर्ज लिहितो, सह्या गोळा करू.

"अर्ज तुम्ही लिहा. तो जाऊन फायलीत झोपेल. त्याला मागणी हवीय ना? मी मागणीच घेऊन जाते."

आणि तिने सहल जाहीर केली. या वेळी ठिकाण एकच, मनोरा. नियमही एकच: तहानलेल्या बाईला गाडीत जागा नाही.

ताईला राजी करायला तिने काय काय केलं ते ती सांगत नाही. मी पाहिलं ते इतकंच, दारालगतच्या पहिल्या सीटचं कव्हर तिने नव्याने शिवलं होतं. वर मऊ सुती कापड, आत रेक्झिन, मध्ये ओल शोषणारा जाड थर. बघणाऱ्याला काही कळू नये असं. ताई बसली, तिने तळहाताने कापड दाबून पाहिलं, आणि बहिणीकडे न बघता तिच्या हातातली बाटली घेतली.

गाडी निघाली. ड्रायव्हरशेजारी मीही होतो. पाणी, सरबत, पुन्हा पाणी. ड्रायव्हर वैतागला, "अहो, एवढं पाजताय, आता मी खड्डे चुकवू तरी किती?"

"चुकवू नका," मागून एक म्हातारी ओरडली, "तेवढीच मागणी वाढेल!"

मनोऱ्याशी उतरल्यावर बायका तिकीट खिडकीकडे वळल्याच नाहीत. बंद दारापुढे एकीमागे एक उभ्या राहिल्या. पहारेकरी धावत आला. "तिकिटाची रांग तिकडे!"

"ठाऊक आहे. आम्हाला घाई इकडची आहे."

साहेब आले. रांग बघून थबकले. टाकी त्यांना म्हणाली, "मागणी आणलीय. मोजून घ्या."

"बाई, असा तमाशा बरा नाही. समोर हॉटेल आहे, तिथे विचारा."

खरं सांगायचं तर टाकीने ते हॉटेल आधीच बघून ठेवलं होतं. मालकिणीशी बोलून ठेवलं होतं, फक्त ताईसाठी. ती ताईच्या कानाशी लागली, "तू जा गं. सोय केलीय. आमचं आम्ही बघतो."

ताईचा चेहरा पांढरा पडला होता. गुडघे एकमेकांना चिकटले होते. एक हात भिंतीला. मला वाटलं, आता हिला आवरायचं नाही.

"मी इथेच उभी राहणार," ताई म्हणाली. मग ती साहेबांकडे वळली. आवाज बारीक, पण मागच्या बाईपर्यंत पोचला. "साहेब, मी एकदा चारचौघांत भिजलेय. तेव्हा तोंड लपवून घरी गेले. आज भिजले तर इथेच, तुमच्या पायरीवर उभी राहीन. येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन का भिजले ते. जाणार नाही."

कुणी हसलं नाही. रांगेतली एकही जण हलली नाही.

साहेब स्वतः चावी आणायला गेले. धावत गेले म्हणा ना. चावी लागली, पण फिरेना. कुलूप गंजलेलं. ड्रायव्हरने गाडीतून तेलाची कुपी आणली, दोन थेंब सोडले, तळहाताने कुलपाला दणके दिले. कट्टकन उघडलं.

आत मोडक्या खुर्च्या, झाडू, मनोऱ्याची रंगीत माहितीपत्रकं, आणि बागेचा लांबलचक पाइप. बायकांनी हातोहात सगळं बाहेर काढलं. नळाला पाणी नव्हतं, तर तोच पाइप बागेच्या नळाला जोडला आणि आत सोडला. सगळं होईपर्यंत ताई भिंत धरून, डोळे मिटून उभी होती. फरशी धुवून झाली तशी रांग आपोआप बाजूला झाली. पहिली ताई गेली. कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा टाकी पायरीवर मटकन बसली.

ताई बाहेर आली ती कोरडी. कपडे झटकून म्हणाली, "चल. वर जायचंय ना?"

जिने चढताना ती दर वळणावर थांबली, पण वर पोचली. वारा कानात घोंघावत होता. खाली सगळी छपरं सारखीच. बराच वेळ ती कठड्याला टेकून शोधत राहिली. मग एकदम बोट दाखवून ओरडली, "ती बघ, माझी चादर! चिमटा सुटलाय मेला, लोंबतेय एका बाजूने!" आणि ती खदखदून हसली. हसताना थेंब आलाही असेल. तिने पर्वा केली नाही. हात मागे करून म्हणाली, "पाणी दे गं," आणि बाटली तोंडाला लावली.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं. परवा एक बाई सांगत होती, ते दार कधी उघडं असतं, कधी नसतं, आणि आत पुन्हा झाडू येऊन बसलेत. म्हणजे मागणी पुन्हा कमी पडतेय.

तुम्ही सुट्टीत कुठला ना कुठला मनोरा बघायला जाणारच आहात. माझं एवढं ऐका. घरातल्या बाईला निघताना पोटभर पाणी प्यायला लावा, आणि तिकीट काढायच्या आधी ते दार ढकलून बघा. बंद असेल तर पुरुष असलात तरी तिथेच रांग लावा, आणि चावी येईपर्यंत हलू नका.