बायडाबाईनं थांबवलेली साक्ष

नेकनूरला चर्चचा पाळक म्हणून आलो तेव्हा माझ्याजवळ दोन भोंगे आणि पत्रिकांचे चार गठ्ठे होते. आवाज मोठा केला की सुवार्ता लांब जाते, अशी माझी ठाम समजूत होती. पहिल्या वर्षी खेडोपाडी पत्रिका वाटल्या आणि त्यातल्या निम्म्या मला बाजारात भज्यांखाली दिसल्या. आमच्या मंडळीतली बायडाबाई साळवे भजी खाता खाता म्हणाली, "साहेब, तुमची पत्रिका लई कामाची हाय. तेल चांगलं टिपती."

तिच्या तोंडाला लागण्यात अर्थ नसतो, हे मला तिथंच कळलं.

बायडाबाई वाकळा शिवते. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून त्यांची जाड गोधडी करायची. कापडं घरमालकिणीची, सुई-दोरा बायडाबाईचा आणि बैठक त्याच घराच्या ओसरीवर. एका वाकळेला चार-पाच दुपारी लागतात. चार दुपारी शेजारी बसलेल्या बाईला घरमालकीण जे सांगते, ते पाळकाला कोणी सांगत नाही. हे लुगडं सासूनं दिलेलं, हे नेसून माहेराहून रडत आले, असं एकेका कापडाबरोबर निघत जातं. बायडाबाई ऐकते, टाका घालते आणि मध्येच म्हणते, "माझ्या येशूला बी त्याच्या घरच्यांनी येडं म्हणलं होतं." कोणी पुढं विचारलं तर ती पुढं सांगते, नाही विचारलं तर पुढचा टाका घालते. लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही. नव्या घरी पहिल्याच दिवशी सांगून टाकते, "मी ख्रिस्ती हाय. बोलता बोलता माझ्या देवाचं नाव निघंल. नको असंल तर सांगा, मनातल्या मनात घेईन." पंचवीस वर्षांत फक्त दोन घरांनी नको म्हटलं. वाकळा मात्र त्यांनीही तिच्याकडूनच शिवून घेतल्या.

तिच्या नवऱ्याला, बंकटला, जाऊन बारा वर्षं झालेली. तो कशानं गेला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी ती कपिलधारच्या वाटेवर अजिनाथ मेंढपाळाच्या घरी वाकळ शिवायला बसली होती. अजिनाथला टीबी निघाला होता. सरकारी दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या आणि त्या त्याच्या पोटात ठरत नव्हत्या. त्याची बायको रोहिणी आपण होऊन म्हणाली, "मावशी, तुमच्या देवाला सांगा की." बायडाबाईनं सुई कापडात खोचली, हात जोडले आणि म्हणाली, "देवा, ह्याला गोळ्या पचू दे." बस, एवढीच प्रार्थना.

गोळ्या पचल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, एक भाकरी खाणारा माणूस तीन खाऊ लागला. एक दिवस अजिनाथ खांद्यावर घोंगडं टाकून माझ्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, "येशूबाबानं माझा खोकला नेला." मला आकाश ठेंगणं झालं. जानेवारीत आमची पाच गावांची सभा होती. देवानं आपल्यासाठी काय केलं ते लोकांसमोर उभं राहून सांगणं, याला आमच्यात साक्ष म्हणतात. मी लगेच पत्रक छापलं आणि त्यावर ठळक अक्षरात टाकलं: मेंढपाळ अजिनाथ यांची साक्ष.

सभेच्या आदल्या दिवशी तो मांडव बघायला आला. बायडाबाई ताडपत्र्या अंथरत होती. तिनं सहज विचारलं, "गोळ्या चालू हायत ना रे?"

"सोडल्या की. तीन आठवडे झाले."

"कावून?"

"एकदा एका देवाला कौल लावला की दुसऱ्या दारी जायाचं न्हाई. आमच्यात तसंच असतं. वरून गोळ्या खाल्ल्या तर येशूबाबाला वाटंल, ह्याचा आपल्यावर भरवसा न्हाई."

तो अडाणीपणानं बोलत नव्हता. बापजाद्यांनी जे इमान आपल्या देवाशी राखलं, तेच तो नव्या देवाशी राखत होता.

"खोकला परत आला तर दुप्पट येतो," बायडाबाई म्हणाली. "मग ह्या गोळ्या बी लागू पडत न्हाईत."

अजिनाथ हसला. "मावशी, तुमचाच भरवसा कमी पडाया लागला."

तो गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "साहेब, तुमचं ऐकंल तो. उद्या त्याला उभं करू नका. आधी दवाखान्यात न्या, न्हाईतर मरंल."

मी काय म्हणालो ते लिहायला लाज वाटते. "साक्ष होऊ दे मावशी, सोमवारी नेतो. पत्रकात नाव छापलंय." ती परत ताडपत्र्यांकडं गेली.

रविवारी मांडव भरला. अजिनाथ नवा पटका बांधून, काठी टेकून उभा राहिला. "येशूबाबानं मला बरं केलं. गोळ्या मी उकिरड्यावर टाकल्या." टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत शाल पांघरलेला एक म्हातारा दिसला. सभा सुरू झाल्यापासून तो खोकत होता. आता खोकला दाबून अजिनाथचा शब्द न् शब्द ऐकत होता. माझे हात आपोआप थांबले.

बायडाबाई उठली. माईक तिनं मागितला नाही आणि तिला लागलाही नाही.

"ह्यो बरा झालेला न्हाई. निम्मा झालाय." ती अजिनाथकडं वळली. "अजिनाथ, मेंढीच्या जखमेवर खपली धरली की औषध थांबवतो का तू?"

"न्हाई," तो सवयीनं म्हणाला. "आत किडं असतात."

"मग? माझा मालक ह्याच दुखण्यानं गेला. तीन महिन्यांत बरं वाटलं, त्यानं गोळ्या टाकल्या. म्हणला, प्रार्थना हाय की. मला बी गोड वाटलं, माझ्या देवाचं नाव होतंय म्हणून. मी गप्प बसले. सात महिन्यांनी त्याला मातीत ठेवला. येशूनं मला गप्प बस म्हणून सांगितलं नव्हतं. ती माझी चूक हाय, आन् ती मी परत करणार न्हाई." ती अजिनाथच्या समोर येऊन उभी राहिली. "दवाखाना हे दुसरं दार न्हाई रे. ते बी त्याचंच हाय. त्यानं दिलेलं उकिरड्यावर टाकायचं आन् त्याला भरवसा म्हणायचं?"

अजिनाथ खाली बसला. मग मी माईक हातात घेतला आणि जे शनिवारी करायला हवं होतं ते केलं. बाई खरं बोलली, चूक माझी आहे, आजाऱ्यानं गोळ्या सोडायच्या नाहीत, असं पाच गावांसमोर सांगितलं. आयुष्यातलं माझं सगळ्यात छोटं प्रवचन तेच, आणि बहुधा सगळ्यात बरं.

सोमवारी सकाळी अजिनाथला मोटरसायकलवर बसवून बीडला नेलं. शालवाला म्हातारा आमच्या आधीच एसटीनं पोचून केसपेपर काढून बसला होता. अजिनाथची तपासणी परत झाली, औषध पहिल्यापासून सुरू झालं. रोज रोहिणीनं गोळी समोर उभं राहून गिळवायची आणि दर रविवारी बायडाबाईनं रिकामी पाकिटं बघायची, असं ठरलं. त्यात एकदाही खंड पडला नाही. श्रावणात शेवटची तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, "आता खरंच बरा."

त्या दुपारी मी आणि बायडाबाई अजिनाथच्या अंगणात चहाला बसलो होतो. प्रसंग मोठा होता. मी मनात बायबलातलं वचन जुळवलं, घसा खाकरला, पण रोहिणीच आधी बोलली.

"मावशी, एवढ्या लोकांत तुमच्या देवाचं नाव मोठं होत होतं. तुमी गप्प बसला असता तर कुणाला कळलं असतं? एखादा देवरुषी असता तर बसला असता गप्प. ज्या देवाला खोटं मोठेपण नको, तो कसा हाय, ते मला ऐकायचंय."

बायडाबाईचे डोळे भरून आले. घोंगड्यावर थोडी सरकून तिनं रोहिणीला जागा करून दिली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "साहेब, तुमी जरा मेंढरं बघून या."

मी उठलो आणि मेंढरं बघायला गेलो.