नाकेदारांनी उठवलेला नाका

निजामाचं राज्य गेलं, सरहद्द पुसली गेली, करोडगिरीचं म्हणजे जकातीचं खातं बुडालं. पण पिंपळगाव रेणुकाईत एक नाका तरीही चालू राहिला, आणि तो माझ्या घरमालकांच्या उंबरठ्यावर होता. जकातीवर इतका जीव असलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. तरुणपणी ते वऱ्हाडच्या हद्दीवर नाकेदार होते. पुढे सरकारनं नाका मोडून त्यांना दुसऱ्या कचेरीत बसवलं, यथावकाश पेन्शनही दिली. पण गाव त्यांना नाकेदारच म्हणत राहिलं आणि तेही त्या नावाला ओ देत राहिले. मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून गेलो तेव्हा दुष्काळाचं मोठं साल नुकतंच मागं पडलं होतं. ट्रंक घेऊन दारात उभा राहिलो, तर हे काठी आडवी धरून म्हणाले, "गुर्जी, आधी खोला. आत काय काय चाललंय ते बघू द्या." माझे सदरे, पुस्तकं, आईनं दिलेला लाडवांचा डबा, सगळं ओट्यावर मांडून झालं. पुस्तकं माफ झाली. डब्यातले दोन लाडू त्यांनी काढून घेतले, एक तिथंच तोंडात टाकला आणि "कानून म्हंजे कानून" असं म्हणून काठी बाजूला केली.

हा कानून सासुरवाडीलाही लागू होता. काकूंच्या, म्हणजे नाकेदारांच्या पत्नीच्या, आईनं पाठवलेली लोणच्याची बरणी घरातली बरणी संपेपर्यंत ओट्यावर अडकून पडे. कारण काय, तर घरच्या मालाला संरक्षण. काकूंचं लोणचं भलतंच खारट असायचं आणि सासूबाईंचं नाकेदारांना मनापासून आवडायचं. तरी ते घरचंच लोणचं निमूट खात आणि वर तांब्याभर पाणी पीत. तत्त्वासाठी माणूस काय काय सोसतो ते मी रोज पानावर बसून बघत होतो. काकू म्हणायच्या, "माझ्या लोणच्याचा एवढा कैवार, तर एकदा चांगलं तरी म्हणा!" त्यावर ते दुसरं तांब्याभर पाणी मागत.

त्यांना तोलामोलाचा एकच विरोधक होता, चिखलीचे एक कापडवाले. दर बाजाराला ते कपड्यांचं गाठोडं घेऊन यायचे आणि दुकान मांडायच्या आधी नाकेदारांच्या ओट्यावर चहा घ्यायचे. ओळख जुनी, म्हणजे चोर-शिपायाचीच. नाक्याच्या काळात हे गृहस्थ एकदा ऐन उन्हाळ्यात अंगावर पाच सदरे चढवून हद्द ओलांडत होते. नाकेदारांनी त्यांना सावलीत बसवलं, पाणी पाजलं आणि शांतपणे गळ्यापाशी कॉलर मोजल्या. "अंगावरचा एक माफ. बाकीच्या चारांची पावती फाडतो." तेव्हापासूनची मैत्री! कापडवाले म्हणायचे, "काहून अडवता हो माल? जिथं स्वस्त तिथून येऊ द्या. गरिबाचं पोट्टं अंगभर कपडा घालते, त्यात तुमचं काय जाते?" नाकेदार काठी आपटत. "अन् आमच्या गावात शिवणारा उद्या उपाशी मेला, मंग? लेकराला चालाया येत न्हाई तवा पांगुळगाडा देतेत का न्हाई?" "देतात ना. पण नवरदेव कुणी पांगुळगाड्यावर मांडवात नेत नाही!" हे असं प्रत्येक बाजारी चाले. चहा दोनदा होई, आवाज देवळापर्यंत जाई आणि दोघांचेही चेहरे कसे न्हाऊनमाखून आल्यासारखे टवटवीत दिसत.

तोवर हे सगळं तोंडचं होतं. मग बौद्धवाड्यातल्या कांतानं शिलाई मशीन घेतलं. सातवी शिकलेली, जालन्याला शिवणवर्ग केलेली ही बाई. गावातला एकुलता एक शिंपी शहरात निघून गेला होता, तेव्हा शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या आणि पांढरे सदरे आपण शिवावेत असा तिचा बेत होता. पण ते गणवेश तयार शिवलेले, कापडवाल्यांच्या गाठोड्यातून स्वस्तात यायचे. तिची धडपड पाहून नाकेदारांच्या अंगात एकदम वीस वर्षांपूर्वीचं वारं भरलं. त्यांनी ग्रामपंचायतीला गळ घातली की शिवणाचा जो माल बाहेरून येईल त्याला चौपट बाजारकर लावा, एक वर्षापुरता. ठराव त्यांनी स्वतःच्या मोडीवळणाच्या अक्षरात लिहून दिला. आणि इथंच जन्माची सवय आडवी आली. यादी अर्धवट ठेवणं नाक्यावरच्या माणसाला जमतच नाही. सदरे, चड्ड्या, परकर लिहून झाल्यावर हात थांबेना. त्यांनी दोरा लिहिला, बटणं लिहिली, सुया लिहिल्या, काजं करायचा रेशमी धागासुद्धा लिहिला. सरपंचांनी न वाचता सही केली. नाकेदार त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालत घरी आले.

कापडवाल्यांनी गणवेश आणणं सोडलं. ते नुसते टॉवेल आणि उपरणी घेऊन भांडायला येऊ लागले. सगळी शाळा कांताच्या कपड्यांत आली. पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली पोरं रांगेत उभी, पहिल्या खुर्चीवर नाकेदार जुना कोट घालून. मी खणखणीत आवाजात "सावधान" म्हटलं. मग "विश्राम" म्हटलं. शंभर पोरांनी एका दमात पाय फाकवले आणि असा टर्रर आवाज झाला की देवळावरची कबुतरं उडाली. पुढचं राष्ट्रगीत पोरांनी इतक्या निश्चलपणे म्हटलं, की तशी शिस्त मी पुढच्या सगळ्या नोकरीत पाहिली नाही. हलण्याची कुणाची हिंमतच नव्हती.

कार्यक्रम संपताच नाकेदार एक फाटकी चड्डी काठीला अडकवून कांताच्या दारात गेले. मी मागं होतोच. "हा काय टाका हाय, पोरी?" कांतानं मशीन थांबवलं. ती रडेल असं मला वाटलं होतं, ती चिडली. "काका, तुमच्या करानं दोऱ्याची रीळ महाग झाली. बटनं महाग झाली. मंग मी टाका लांब घातला, चाराच्या जागी दोन बटनं लावली. न्हाई तर काय करू? मला वाचवाया निघाले अन् माझ्याच सुईवर नाका बसवला तुम्ही. आता बाया म्हणून राह्यल्या, कांतानं लेकरं उघडी पाडली. पुढल्या साली कोन येतंय माझ्याकडं?" नाकेदारांनी काठीवरची चड्डी काढून तिची घडी घातली. मला त्यांच्याकडे बघवेना.

पुढच्या ग्रामसभेत ते उठून उभे राहिले. "उभ्या नोकरीत माझ्या पावतीत चूक न्हाई निघाली. ही निघाली. लेकीला पांगुळगाडा दिल्ता, अन् त्याचं चाक मीच काढून ठेवलं. नाका उठवा." सरपंच म्हणाले, दोऱ्या-बटणांवरचा काढू, तयार कपड्यांवरचा राहू द्या की. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून कांता उभी राहिली. "न्हाई. कपड्यावरचा बी काढा. दोरा स्वस्त येऊ द्या, मंग बाजारात कोनी बी येऊ द्या. मला आता चालाया येतंय." मग आधी टाळी वाजवली ती नाकेदारांनी.

जूनच्या बाजारात दोन दुकानं शेजारी-शेजारी लागली. कापडवाल्यांच्या गाठोड्यात चोवीस, सव्वीस असे आकडे छापलेल्या चड्ड्या होत्या. कांतानं टाका दाट घातला होता, बटणं चार लावली होती आणि प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटं माया सोडली होती. ती चड्डी उलटी करून बायांना दाखवायची, "लेकरू वाढलं की आना, उसवून मोठी करून देते." आयांनी एकदा आत बोट घालून पाहिलं आणि मग कापडवाल्यांकडे कुणी फिरकेना. दुपारपर्यंत कांतानं दुकान म्हणून मांडलेलं बाजलं रिकामं झालं! नाकेदार वधूपित्यासारखे बाजारभर फिरत होते. कापडवाल्यांनी येऊन एक चड्डी उलटून पाहिली. "एवढं कापड आत सोडणं आपल्याला परवडत नाही बुवा," ते म्हणाले. मग वळून, "नाकेदार, खुल्या बाजारात जिंकली. म्हणजे मी जिंकलो." "अन् पयल्या साली आडोसा कुणी दिल्ता? म्हंजे मी जिंकलो!" दोघं हसत एकमेकांच्या पाठीवर थापा मारत राहिले. जिंकली होती कांता, पण हे सांगून त्यांच्या आनंदावर विरजण घालण्याइतका मी काही दुष्ट नाही.

त्यानंतर कापडवाले पिंपळगावला आले नाहीत. गणवेशावरच त्यांच्या बाजाराचा खर्च निघायचा; कर उठेल या आशेवर त्यांनी ते एक साल टॉवेलांवर ढकललं होतं. आता ते दुसऱ्या गावचा बाजार करू लागले, असं कळलं. नाकेदार दर बाजारी दोन कप चहा सांगायचे आणि दुसरा कप माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "गुर्जी, तुम्ही तरी खुल्या बाजाराच्या बाजूनं बोला." मी बोलायचो. पण मास्तरकीत पोरांनी हो म्हणायची सवय लागलेली, उलटून भांडणारं कुणी भेटलेलं नव्हतं. पाच मिनिटांत मी त्यांचंच म्हणणं मान्य करून बसायचो आणि ते वैतागून उठून जायचे. माझी बदली व्हायच्या सुमारास एका बाजारी ते कांताच्या दारात काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आत मशीन चालू होतं. ते ऐकता ऐकता नाकेदार म्हणाले, "पोरी, एखाद्या चड्डीत माया कमी सोडीत जा. थोडं गिऱ्हाईक त्या कापडवाल्याला बी राहू दे. निदान पुन्हा यायला तरी लागंल." कांता हसली. मग त्यांच्या तोंडाकडे बघून तिचं हसू मावळलं. तिनं आतून पाट आणून त्यांना दिला, चहा टाकला, आणि पुढची चड्डी शिवायला घेतली. माया मात्र तिनं दोन बोटंच सोडली.