क्लबहाऊसची किल्ली

लालबागची आमची चाळ पाडून टॉवर झाला. क्लबहाऊसच्या उद्घाटनाला सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "ज्या देशातली माणसं खेळतात, गातात, तो देश सुखी असतो." टाळ्या वाजल्या आणि त्यांनी क्लबहाऊसला कुलूप ठोकलं. नवा कॅरम खराब होऊ नये, पेटीवर बोटं उमटू नयेत, एवढी त्यांना संस्कृतीची काळजी. किल्ली मागितली की म्हणतात, "बघू या, बघू या." नेहमी दोनदा.

काल गाडी काढायला बेसमेंटमध्ये गेलो. तिथे पिंपावर चाळीतला जुना कॅरम ठेवून सेक्रेटरीसाहेब वॉचमनबरोबर खेळत होते. बोटांना पावडर, चेहऱ्यावर सुखी देशाची कळा. राणीवर नेम धरूनच मला म्हणाले, "वर काही बोलू नकोस रे. उगाच सगळे येतील खेळायला."