दोघींपुरतं इंग्रजी

टोकावड्याच्या नम्रताचं इंग्रजी म्हणजे घरातली ठेवणीतली कपबशी. पाहुणे आले की काढायची, एरवी फडताळात. शहापूरच्या कॉलेजात शिकलेली पोर, पण लग्न झालं आणि सगळं शिक्षण ओटीवर गावच्या पोरांची शिकवणी घेण्यात जिरलं.

सर्वनामं ती बोटाने शिकवायची. बोट छातीवर ठेवलं की 'आय', समोर केलं की 'यू', बाजूला वळवलं की 'ही' नाहीतर 'शी'. मामा असो, मास्तर असो की दारातलं कुत्रं, समोर आलं की 'यू'च. पोरं खिदळायची. सासू, सरस्वतीबाई, तांदूळ पाखडत ऐकत बसायच्या.

"आन् नवऱ्याला काय म्हनायचं गो?"

"ही."

"बरंय की मंग, नाव घ्यायला नको!" सासूबाई खूश. ज्ञानेश्वरचं नाव नम्रताने तरी कुठे घेतलं होतं, लग्नातला एक उखाणा सोडला तर?

मुरबाडच्या एका इंग्रजी शाळेने तिला जूनपासून बोलावलं होतं. तिचा जीव नुसता तुटत होता हो त्या शाळेसाठी! पण 'घरचं कोन बघील?' इथे सगळं अडलं. शेवटी सासूबाईंनीच तोड काढली. "हितेशचं लगीन होऊं दे. धाकटी आली का तू खुशाल जा." हितेश म्हणजे धाकटा दीर. झालं! दिरापेक्षा वहिनीलाच लग्नाची घाई.

शेणव्याची कुणाली बघायला सगळे गेले. पोरगी शहापुरात एका दवाखान्यात कामाला होती. चहाचा ट्रे घेऊन ती पुढे आली, तशी सासूबाईंनी ठेवणीतली कपबशी काढलीच. "आमची मोठी सून इंग्रजी बोलते. बोल गो हिच्याशी काय तरी."

नम्रताने तिला नाव-गाव विचारलं. कुणालीने नीट उत्तरं दिली, आणि मग तोंडावरचं हसू तसंच ठेवून उलटा प्रश्न टाकला. "विल दे लेट मी वर्क? डू दे लेट यू?"

हे लोक मला नोकरी करू देतील का? तुम्हाला देतात का?

बैठकीत सगळे कौतुकाने माना डोलवत होते. कोणाला काही कळलं नव्हतं. 'नो' म्हणावं, तर ही पोर हातची जाते आणि आपण चुलीपाशी कायमचे. नम्रताने कुणालीकडे बघायचं टाळलं.

"येस," ती म्हणाली. "दे लेट मी. दे विल लेट यू."

कुणालीचा चेहरा असा काही खुलला, की नम्रताला तिथून उठून जावंसं वाटलं.

"काय म्हनाली गो?" सासूबाईंनी विचारलं.

"मानसं आवडली म्हणते, आई."

वैशाखात लग्न लागलं. शहापूर लांब पडतं म्हणून कुणालीने दवाखाना सोडला. मुरबाडला दुसरं काम बघू, असं ठरलं होतं. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी नम्रताने साडीला इस्त्री केली, तर सासूबाई दारात उभ्या.

"आता कशी जाशील? लावनी तोंडावर आली. आन् नव्या पोरीला घरचं वळन कोन लावील? पुढल्या सालाला बघू."

"मी पन थांबायचं का?" कुणालीने मोरीतून विचारलं.

"तर! दोघी बाहेर पडल्यावर घरात मी एकटीच का?"

नम्रताने नवऱ्याकडे पाहिलं. ज्ञानेश्वर मोबाइलमधून मानही वर न करता म्हणाला, "आई बोलते ते बरोबर आहे."

संपलं. इतकंच. भांडण नाही, आदळआपट नाही. दार उघडंच होतं, पण जायचं कुठून?

कुणाली मोरीतून बाहेर आली. हाताला साबणाचा फेस. शिकवणीतल्या पोरांसारखं तिने बोट नम्रताच्या समोर धरलं, आणि त्या दिवशीसारखंच हसत, हळू आवाजात म्हणाली, "यू टोल्ड मी येस."

नम्रताचं तोंड शरमेने काळंठिक्कर पडलं.

"काय म्हनते गो ती?" सासूबाईंनी विचारलं.

नम्रताने इस्त्री केलेली साडी उचलली.

"काय नाय, आई. भांडी झाली म्हणते."