परशुरामाच्या आईने खाजा चाखला

मे महिन्यातली गर्दीची दुपार होती. मुंबईहून गावी आलेली माणसं परशुरामशेटच्या दुकानात खाज्याच्या पुड्या बांधून घेत होती. सुगंधा काम संपवून मागच्या दाराने घरी निघाली होती, तेवढ्यात परशुरामाने तिला हाक मारून पुढे बोलावलं. गुळाच्या ढेपा कमी भरतात, असं मोठ्याने म्हणाला आणि तिच्या खांद्यावरची पिशवी ओढून गल्ल्यावर उपडी केली. जेवणाचा रिकामा डबा, औषधाची बाटली, फणी, घाम पुसायचं फडकं. बाकी काही निघालं नाही.

"आज गावला नाय म्हणान चोरी नाय असा होणा नाय," तो गिऱ्हाइकांकडे बघत म्हणाला. "उद्यापासना येव नको."

फणी घरंगळत खाली गेली होती. ती काढायला सुगंधाला अनोळखी लोकांच्या पायांमध्ये वाकावं लागलं. एकानेही पाय मागे घेतला नाही. आळ तिने एक वेळ गिळलाही असता. पण ते वाकणं तिच्या पोटात राहिलं ते राहिलंच.

सुगंधा मालवणच्या धुरीवाड्यातली. नवरा गणपत दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी. समुद्रावरून आला की जाळी शिवत बसायचा आणि विचारलं तेवढंच बोलायचा. लग्न होऊन आली तशी ती परशुरामाच्या कारखान्यात लागली होती. कारखाना म्हणजे दुकानामागचा मांगर, एक साधी शेड, आणि त्यातल्या दोन चुली. चण्याच्या पिठाच्या जाड काड्या पाडायच्या, तळायच्या, आल्याचा रस घातलेल्या गुळाच्या पाकात घोळवायच्या. परशुरामाची आई काशीबाई चुलीजवळ पाटावर बसलेली असायची. पाकाचा थेंब जिभेवर ठेवून ती "उतरव गो" म्हणाली की मगच कढई उतरायची. सुगंधाचा हात तिनेच तयार केला होता.

काम गेलं तेव्हा सुगंधाने सकाळी बाजारात मासे विकायला सुरुवात केली, आणि दुपारी घरच्या चुलीवर खाजा. पहिल्याच जत्रेत तिची टोपली दिवेलागणीच्या आत रिकामी झाली. परशुरामाने ते बघितलं. पुढच्या जत्रेपर्यंत त्याने एक वाक्य गावभर पेरून ठेवलं: "सकाळी बांगडे साफ करता, दुपारी त्याच हातान पीठ मळता. घेतलास तर वास बघून घेवा."

त्यानंतर लोक तिच्या पुड्या नाकाला लावू लागले. एका बाईने पुडी हुंगली, नवऱ्याच्या हातात दिली, त्यानेही हुंगली, आणि दोघं पुडी खाली ठेवून पुढे गेली. एक शब्द बोलली नाहीत. बोलली असती तर सुगंधाने उत्तर दिलं असतं. आठवडेबाजारात तिच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. हुंगण्याला काय उत्तर देणार?

"हेका मी चार माणसांत उघडो पाडतलंय," ती घरी येऊन गणपतला म्हणाली.

"देव बघता सगळा," गणपत म्हणाला.

"बघता. पण बोलणा नाय."

दोन हजार सातचे गणपती जवळ आले. तेव्हा गावच्या केबलवर संध्याकाळी स्थानिक बातम्या लागायच्या, आणि मध्ये मध्ये कापडदुकानांच्या, भांड्यांच्या जाहिराती. त्यातल्या बऱ्याच लवू काढायचा. लवू लग्नांचं शूटिंग करणारा, पन्नाशीला आलेला माणूस. त्याच्याकडे एक कॅमेरा, एक हॅलोजन आणि एक मोडकं स्टँड. सुगंधाने त्याला घरी बोलावून सांगितलं, लोक माझा खाजा खाताना दिसले पाहिजेत.

"सोपा आसा, वयनी. चार शेजारणी बसवया. बरो आसा, बरो आसा म्हणतली, झाला."

"शेजारणी नको. परशुरामाची आवस, काशीबाई बसतली."

लवूने चहाचा कप खाली ठेवला. "ती कित्या येतली?"

"मी घेवन येतंय तिका."

बाजारात बसणाऱ्या बाईला गावातल्या घराघरांतलं कळतं. परशुरामाने पीठ मळायचं आणि काड्या पाडायचं यंत्र आणलं होतं, पाकात आल्याऐवजी कसलंसं बाटलीतलं पाणी पडत होतं, आणि "म्हातारे, तू आता मागल्या खोलयेत बस" असं सांगून त्याने आईचा पाट उचलला होता. हे सगळं सुगंधाला ठाऊक होतं. म्हातारीची तिला कीव आली नाही. ही वापरता येईल, एवढंच तिच्या मनात आलं.

परशुराम माल आणायला कुडाळला गेला त्या दिवशी ती रिक्षा घेऊन त्याच्या घराच्या मागच्या दाराशी गेली. "काकी, माझा खाजा चाखूक चला," एवढंच म्हणाली. काशीबाईने चपला शोधल्या नाहीत, अनवाणीच रिक्षात बसली.

सुगंधाच्या घरी तयारी झाली होती. भिंतीचे पोपडे दिसू नयेत म्हणून निळी चादर टांगली होती. स्टँडचा पाय मोडका, म्हणून लवूने स्टुलावर माशांची पाटी उपडी घालून तिच्यावर कॅमेरा ठेवला. शेजारणीला नारळ खवायचं थांबवायला सांगितलं, कारण कॅमेऱ्याला वेगळा माईक नव्हता. कॅसेटवर कुणाच्या तरी लग्नातली उरलेली जागा होती, तेवढ्यातच सगळं बसवायचं होतं. हॅलोजन लावला आणि भारनियमनाची वेळ नसतानाही वीज गेली.

लवू कपाळाला हात लावून बसला. सुगंधाने पितळेची परात घेतली, चिंच-राखेने खसखसून घासली आणि दारातल्या उन्हात धरली. उजेडाचा गोल काशीबाईच्या तोंडावर पडला.

"धरून रव तशीच," लवू म्हणाला. म्हणून सगळा वेळ सुगंधा कॅमेऱ्याच्या बाहेर परात धरून उभी राहिली.

काशीबाईने खाज्याची काडी तोंडात घातली. दात नव्हते, तिने ती गालात धरली, पाक विरघळू दिला, मग हिरड्यांनी चिरडली. "पाकात आला कमी पडला," ती म्हणाली.

लवूने कॅमेरा बंद केला. सुगंधाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "काकी, ह्या टीव्हीर दाखवतले. लोक बघतले."

"टीव्हीर?" म्हातारीने मान वर केली. "आमच्या घरात दिसतला?"

"केबल आसा तर दिसतला."

"परशाक दिसतला?"

सुगंधा खोटं बोलू शकली असती. बोलली नाही. "तेकाच दाखवचा आसा."

काशीबाईने उपड्या पाटीवरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. मग तिने पदर नीट केला, ओठांवरचा गूळ पुसला. "दुसरी काडी दी. चांगली पाकात भिजलेली बघून दी. आणि तू रे, सुरू कर तुझा."

दुसऱ्या वेळी तिने काडी सावकाश संपवली. मग बोलली. "माझ्या घोवाच्या वेळेक असा खाजा बनायचा. माझ्या झिलाच्या दुकानात आता बनणा नाय. थंय माका चाखूक दिनत नाय. हिच्या हाताक मासळेचो वास येता म्हणतत. येतलोच, मासळी विकता ती. खाजाक येणा नाय. मी म्हातारी झालंय, नाक आसा अजून."

लवूला एवढं पुरेसं होतं. तो थांबवणार, तेवढ्यात म्हातारी पुढे म्हणाली, "आणि हिका चोर म्हणान काढली, त्या दिवसा मी आत बसलेलंय. गूळ माझ्या जावयान उचललेलो. परशाक म्हायत होता. माका पण म्हायत होता."

उजेडाचा गोल तिच्या तोंडावरून घसरला आणि चादरीवर गेला.

"वयनी, परात," लवू हळूच म्हणाला.

सुगंधाने परात पुन्हा वर उचलली. ती एका जागी राहत नव्हती, त्यामुळे म्हातारीच्या चेहऱ्यावर उजेड पाण्यासारखा हलत राहिला. ते तसंच कॅसेटवर उतरलं. शूटिंग संपलं तशी सुगंधाने परात भिंतीला टेकवली. रिक्षावाल्याला हात केला आणि आत निघून गेली.

गणपतीत ती जाहिरात लागली. माणसं आरती थांबवून टीव्हीसमोर आली. परशुराम तेव्हा सासुरवाडीला आरतीला गेला होता. त्याने आपल्या आईला भरल्या घरात, बायकोच्या भावाशेजारी उभं राहून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने केबलवाल्याकडे जाऊन ती बंद करवली. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. मासळीबाजारात बायका सुगंधाला हाका मारून जाहिरात बघितल्याचं सांगत होत्या. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काशीबाईची पत्र्याची ट्रंक सुगंधाच्या पडवीत येऊन पडली. मागोमाग काशीबाई.

"टीव्हीवालीकडे जावन खा, परशो म्हणालो," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

गणपतने ट्रंक उचलून आत नेली. सुगंधा बाजारातून आली, तिने पडवीतली म्हातारी बघितली आणि उभ्यानेच विचारलं, "तेव्हा कित्या गप रवलास?"

"झील तो माझो. जावई घरचो. तू कोण होतंस?"

सुगंधाला हे उत्तर खोटं वाटलं असतं तर बरं झालं असतं. तिने म्हातारीला ठेवून घेतली, पण माया म्हणून नाही. तिला जेवणाचं ताट दिलं, अंथरूण दिलं, गोड शब्द दिला नाही. काशीबाईनेही मागितला नाही. रोज दुपारी ती चुलीजवळ बसायची, पाक चाखायची, नावं ठेवायची, आणि सुगंधा दात ओठ खात ऐकायची, कारण म्हातारी सांगे तसं केलं की खाजा खरोखरच सुधारत होता.

मार्गशीर्षात जत्रा आली. सुगंधाने या वेळी परशुरामाच्या समोरचीच जागा धरली आणि आपल्या दुकानात सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून काशीबाईला बसवली. नवीन लुगडं नेसवलं. लोक यायचे, म्हातारीला ओळखायचे, मग वळून समोर परशुरामाकडे बघायचे. तो पुड्या बांधता बांधता मान खाली घालायचा. दुपार कलेपर्यंत त्याच्याकडे गिऱ्हाईक उरलं नाही. शेवटी तो रस्ता ओलांडून आला.

"आये, चल घराक."

काशीबाईने सुगंधाकडे बोट केलं. "हिका इचार."

"लोकांत तमाशो नको, सुगंधा," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"माका लोकांतच काढलंस. आता लोकांतच सांग, गूळ कोणी उचललो तो."

त्याने जमलेल्या लोकांकडे एकदा बघितलं. मग रस्ता ओलांडून परत गेला. सुगंधाने त्या रात्री दोन वेळचं जेवण एकदम जेवल्यासारखा ढेकर दिला. गणपत म्हणाला, "पुरे आता." ती म्हणाली, "अजून खंय?"

वैशाखात परशुरामाच्या मुलीचं, दिव्याचं लग्न ठरलं. नात स्वतः बोलवायला आली आणि काशीबाई तिच्यासोबत गेली. सुगंधाने अडवलं नाही. चार दिवसांत येते म्हणून गेलेली म्हातारी परत आली नाही. ट्रंक न्यायला मात्र माणूस आला.

पुढच्या गणपतीत केबलवर परशुरामाची जाहिरात लागली. कोल्हापूरहून आणलेले दोन कॅमेरे, मागे वाजंत्री, आणि मध्ये पाटावर काशीबाई. तिने खाजा गालात धरला, हिरड्यांनी चिरडला आणि म्हणाली, "माझ्या घोवाच्या वेळेक असा खाजा बनायचा."

गणपत बायकोकडे बघत राहिला. "तिका थंय रवाचा आसा. ती तरी काय करीत?"

सुगंधाने टीव्ही बंद केला. सकाळी मासे विकून ती तशीच, हातही न धुता, लवूच्या घरी गेली. "कॅमेरो घेवन ये. आता मी बसतलंय."

या वेळी परात लवूच्या बायकोने धरली. सुगंधा निळ्या चादरीसमोर बसली. तिने खाज्याची काडी कडाकड चावून खाल्ली, पाणी प्यायली आणि सगळं सांगितलं: पिशवी, गूळ, जावई, हुंगलेल्या पुड्या, आणि म्हातारी आपल्याकडे जेवली ते दिवस. कुणाचं नाव गाळलं नाही. केबलवाल्याने ते लावायला चक्क नकार दिला. परशुरामाच्या जाहिराती त्याला वर्षभर मिळत होत्या. मग लवूने सीडी करून दिली.

त्या वर्षीच्या जत्रेत सुगंधाने घरचा टीव्ही टेम्पोत घालून आणला, जनरेटरवाल्याकडून वायर ओढली आणि खाज्याच्या ढिगाशेजारी स्वतःचं तोंड दिवसभर चालू ठेवलं. माणसं थांबून ऐकत होती. कुणी हसलं, कुणी "शेवटी घरातली भानगड" म्हणून पुढे गेलं, पुष्कळांनी पुड्या घेतल्या. काही अजूनही हुंगून घेत होती. दुपारी गर्दीच्या मागे तिला परशुराम दिसला. तो एकटाच उभा राहून पडद्याकडे बघत होता.

सुगंधाने हातातला झारा खाली ठेवला, टीव्हीजवळ गेली आणि आवाज वाढवला.